नंबर कार्डात हाईत

गोरखच्या जीपला वेळापत्रक नाही, आणि मस्टरवर सही करणाऱ्या माणसानं तिच्यावर विसंबू नये हे मला कळतं. पण पालीहून सकाळी नसरापूरला जायचं तर दुसरं आहे काय? एसटी येते तेव्हा येते. मी नसरापूरच्या एका शाळेत क्लार्क आहे, राहतो पालीत, आणि गेली कित्येक वर्षं गोरखच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून रोज चिडतो.

गोरखचा सगळा धंदा मिसकॉलवर. वाटेवरच्या वस्त्या डोंगरात वर आहेत. वस्तीत रेंज नाही, खाली रस्त्यावर नाही. आहे ती टेकाडावर. ज्याला जीप हवी तो सकाळी टेकाडावर चढतो, गोरखला एक मिसकॉल देतो, फोन पिशवीत टाकतो आणि उतरायला लागतो. त्यानंतर तो कुणालाच सापडत नाही. इकडे गोरखचा फोन गोठ्याच्या खांबाला टांगलेला, कारण त्याच्या घरी रेंज तेवढ्या खांबालाच येते. धार काढता काढता तो फोनकडे बघतो आणि त्याला कळतं, आज कुठल्या फाट्यावर किती वेळ थांबायचं. बोलणं नाही, विचारणं नाही. मिसकॉल दिला म्हणजे गोरख थांबणार. म्हातारं माणूस असेल तर उतरून हातातली पिशवीही घेणार.

नंबर त्यानं फोनात आपल्या डोक्यानं नावं घालून साठवले होते. ‘दोन पिशव्या’, ‘खोकला’, ‘वडाखाली’, ‘गेनबाचा मेव्हणा’, ‘कोंबड्यावाली’. माझा नंबर ‘पुढची शीट’ या नावानं होता. मी एकदा म्हणालो, “अरे, मला आडनाव आहे.” तर म्हणाला, “भाऊसाहेब, आडनावाचे लई हाईत. पुढच्या शिटवर तुमी एकलेच.”

तर हा फोन म्हातारा झाला. बोट लावलं की विचार करायचा, मग स्वतःच बंद पडायचा आणि स्वतःच चालू व्हायचा. त्यात पैसे घ्यायचं अॅप एक दिवस म्हणालं की या फोनवर मी आता चालणार नाही, फोन अपडेट करा. नवा घे म्हटलं तर गोरख ऐकेना. ह्याचा आवाज मोठा आहे, गोठ्यात ऐकू येतो, हे त्याचं म्हणणं. मग एका संध्याकाळी परत जाताना त्यानं नसरापुरात सम्राटच्या मोबाईलच्या दुकानापुढे जीप उभी केली. माणसं मागे खचाखच बसलेली. मी पाय मोकळे करायला त्याच्याबरोबर आत गेलो.

सम्राट शांत मुलगा. फोन हातात घेऊन म्हणाला, “काका, कंपनीनं ह्या मॉडेलकडं बघायचं सोडलंय. पण बाहेरच्या पोरांनी ह्याच्यासाठी नवी सिस्टीम बनवलीय, ती टाकू. पळंल मग. फक्त आदी फोन आतून समदा पुसावा लागंल. फोटो, नंबर, व्हॉट्सॅप, कायच राहनार न्हाई.”

“पुस.”

“बॅकप घेऊ का? मंजी समदं दुसरीकडं काडून ठेवतो. पर फोन सारका बंद पडतोय, येळ लागंल. ठिऊन जावा.”

“ठिऊन कसं जाऊ? सकाळी मिसकॉल कुठं येत्याल?”

“काका, नंबर जात्याल.”

“नंबर कार्डात हाईत,” गोरख म्हणाला. त्यानं स्वतःच्या नखानं फोनमधलं सिमकार्ड काढलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि वरून थोपटलं. “आता पुस काय पुसायचं ते.”

सम्राटनं पुन्हा सांगितलं. माझ्याकडेही बघितलं. मागून जीपमधली माणसं हॉर्न वाजवायला लागली होती. गोरख म्हणाला, “तू जन्मायच्या आदीपसनं फोन वापरतोय म्या.”

हे मात्र खोटं नव्हतं. बटणाच्या फोनात नंबर कार्डातच असायचे. कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातलं की सगळं गणगोत तिकडे हजर. गोरख ही गोष्ट तेव्हा शिकला आणि एकदा शिकलेलं पुन्हा शिकायची त्याची पद्धत नाही. सम्राटनं फोन वायरीला लावला. पडद्यावर काहीतरी इंग्रजी अक्षरं पळाली, एक पट्टी भरत गेली आणि फोन नवऱ्या मुलासारखा चकचकीत होऊन बाहेर आला. खरंच पळत होता. गोरख वाटेत दोनदा मला म्हणाला, “बगा, बगा कसा चालतोय.”

कार्ड आत घातलं तेव्हा त्यात चार नंबर निघाले. तीन कंपनीचे आणि एक ‘भिमा ट्रॅक्टर’. भिमा ट्रॅक्टर विकून पुण्याला गेला त्याला जमाना झाला.

दुसऱ्या दिवशी गोरख दुकानात असा गेला की जणू सम्राटनंच चोरी केली होती. सम्राट बिचारा म्हणाला, जीमेलवर जमा असतील तर अजून मिळतील, पासवर्ड सांगा. पासवर्ड! ते खातं ज्यानं फोन विकला त्या दुकानदारानं आपल्या मनानं उघडून दिलं होतं, आणि तो दुकान बंद करून कधीच निघून गेला होता. कोड मागवला तर तो गोरखच्या दुसऱ्या एका नंबरवर गेला, आणि तो नंबर गोरखनंच बंद केला होता. पैशाच्या अॅपनं तर कहर केला. ते म्हणालं, या फोनची सिस्टीम बदललेली आहे, मी इथे चालणार नाही. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तेच गेलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मग सकाळी गोठ्याच्या खांबावर नुसते आकडे वाजायला लागले. परत फोन करावा तर माणूस टेकाडावरून उतरलेला, संपर्काच्या बाहेर. चुकून कुणी उचललाच तर आणखी ताप.

“कोन बोलतंय?”

“मी.”

“मी कोन?”

“आरं मीच की.”

आमच्याकडे फोनवर कुणी नाव सांगत नाही. ज्याला नाव सांगावं लागतं तो परका. आठवडाभर आमची जीप प्रत्येक फाट्यावर थांबत, हॉर्न वाजवत, रिकाम्या डोंगराकडे बघत चालली. मला हेडमास्तरांनी दोनदा बोलावून घेतलं. मी गोरखला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते बोलायची गरज होती.

शेवटी मीच एक युक्ती काढली. वाटेत मार्गासनीच्या अलीकडे एका वळणावर तेवढी रेंज येते. तिथे जीप उभी करायची, आत बसलेल्यांनी एकेक करून गोरखला मिसकॉल द्यायचा आणि मी नाव घालायचं. काम जमलं, पण ते जीपमध्ये बसलेल्यांपुरतं. जे रोज येत नाहीत त्यांचं काय? कोंबड्यावाली रोज येत नव्हती.

ही म्हातारी वरच्या वस्तीवर एकटी राहते. महिन्यातून एखाद-दोनदा कोंबड्यांचं डालगं घेऊन उतरते आणि साकवाखाली सावलीला बसते. रस्त्यावरून ती दिसत नाही. गोरखनं थांबून हॉर्न द्यायचा, मग तिनं वर यायचं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एके दिवशी भोरला ऑपरेशनचं शिबिर होतं, नसरापूरला शिबिराची गाडी न्यायला येणार होती, आणि तिनं पहाटे टेकाडावर चढून मिसकॉल दिला. दिसत नाही त्या बाईनं.

गोरख त्या सकाळी वैतागलेला होता. एका अनोळखी नंबरला त्यानं परत फोन लावला तर एक पोरगी कर्ज हवंय का विचारायला लागली. त्यानं फोन वैरणीवर फेकला आणि बाकीचे आकडे बघितलेच नाहीत. मीही त्याला म्हणालो होतो, आज कुठे थांबू नको बाबा, मला वेळेत पोचव. जीप साकवावरून सरळ गेली. म्हातारीला जीपचा आवाज ओळखू येतो. तिनं ती येताना ऐकली आणि जातानाही ऐकली.

ज्ञानू म्हणून त्याच वस्तीवरचा एक जण आहे, त्यानं आम्हाला हे नंतर सांगितलं. म्हातारी दुपारपर्यंत बसून राहिली आणि मग चढून घरी गेली. वस्तीभर सांगत होती, “गोरखनं माजा नंबर काडून टाकला. कोंबड्यांचा वास येतो त्याच्या मानसांस्नी.” पुढचं शिबिर पावसाळ्यानंतर.

 गोरखनं गिअर दिवसभर खाडखाड टाकले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी म्हातारी दिसली. साकवाच्या पुढे, रस्त्याच्या कडेनं, डोक्यावर डालगं, हातात काठी, नसरापूरच्या दिशेनं पायी. गोरखनं जीप तिच्या बाजूला नेऊन हळू केली.

“मावशी, बसा.”

ती चालतच राहिली. जीप पहिल्या गिअरमध्ये तिच्या चालीनं. मागची माणसं कुरकुरायला लागली. मी घड्याळ बघितलं.

“मावशी, आवो बसा की. चूक झाली.”

“तू जा. माजा पाय हाय मला.”

काठी खड्ड्यात गेली, डालगं कललं, कोंबड्या ओरडल्या, तिनं ते सावरलं आणि पुन्हा चालायला लागली. मला राग आला. खरं सांगतो, दोघांचाही आला. मी खिडकीतून ओरडणार तेवढ्यात गोरखनं रस्त्याच्या मधोमध जीप बंद केली, उतरला आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“तुमचा एकलीचा न्हाई पुसला,” तो जवळजवळ ओरडलाच. “समद्यांचा पुसला. माज्या बायकूचा बी पुसला. सासऱ्याचा पुसला, तो वरडून वरडून थकला. ह्या भाऊसाहेबांचा बी पुसला. मला काय कळत न्हाई त्या फोनातलं. कार्डात हाईत म्हनलो म्या, न्हवतं कार्डात.”

म्हातारी थांबली. मान वाकडी करून, ज्या डोळ्यानं थोडं दिसतं त्यानं त्याच्याकडे बघितलं.

“बायकूचा बी?”

“व्हय.”

“मग ती काय म्हनली?”

“ती बी बोलत न्हाई.”

म्हातारीनं डालगं खाली उतरवलं आणि त्याच्या हातात दिलं. ते मागे ठेवायला जागा नव्हती, तेव्हा ते माझ्या मांडीवर आलं. ती मागे टेकून बसली. एक कोंबडी माझ्या शाळेच्या हिरव्या फाइलीकडे बघत होती.

रेंजचं वळण आलं. गोरखनं न सांगताच जीप थांबवली. म्हातारीनं पोलक्यातनं आपला बटणाचा फोन काढला, अंगठ्यानं चाचपून एक बटण दाबून धरलं, आणि पुढे गोरखचा फोन वाजला. गोठ्यात ऐकू येईल एवढा मोठा. गोरखनं तो माझ्याकडे दिला.

“घाला भाऊसाहेब. कोंबड्यावाली.”

“सरूबाई घाल,” मागून आवाज आला.

मी मागे वळलो. गोरखही वळला. इतकी वर्षं ती या जीपमधून जात होती, आणि आम्ही दोघांनीही तिला नाव विचारलं नव्हतं.

मी ‘सरूबाई’ टाइप केलं. फोननं विचारलं, नंबर कुठे ठेवायचा, फोनमध्ये की कार्डात. मी ते मोठ्यानं वाचलं.  गोरख स्टिअरिंगकडे बघत बसला.

“त्याला म्हनावं, कार्डात घाल न्हाईतर फोनात घाल,” सरूबाई म्हणाली, “पर जरा डोस्क्यात बी ठिव. पावसाळ्यानंतर मला भोरला जायचंय.”