नवे पॅड आणि बाबांचा उजवा पाय

"इंजिन जवान हाय, ब्रेक म्हातारे," असं म्हणून बाबांनी माझी गाडी पहिल्याच दिवशी नापास केली होती.

गाडी सेकंडहँड होती. लाल, छोटीशी, पण टर्बो इंजिनाची, मागे उगाच एक पंख लावलेली. चाळिशी उलटल्यावर काही पुरुषांना जे खूळ लागतं ते मला लागलं होतं. बाबा बाजूच्या सीटवर बसून दिघोरी नाक्यापर्यंत आले. मी दोन-तीनदा जोरात ब्रेक मारून दाखवला, तर तिसऱ्या वेळी पेडल मऊ पडलं आणि गाडी बऱ्यापैकी पुढे जाऊन थांबली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचे वीस-पंचवीस प्रवासीच सांडून आलो होतो.

त्यांनी तीसेक वर्षं नागपूर–उमरेड एसटीची लाल बस चालवली. संध्याकाळी घरी आले की पाय धुता धुता ते आईला दिवसाचा निकाल सांगत. अपघात, गर्दी, पगार यातलं काही नाही. एवढंच सांगत, "आज एकबी उभा मानूस पुढं नाही गेला." म्हणजे बसमध्ये उभ्या असलेल्या कोणालाही झटका बसून दांडा पकडावा लागला नाही. ज्या दिवशी कोणी पुढे जाई, त्या दिवशी ते जेवताना बोलत नसत. लहानपणी मला हा प्रकार फार कंटाळवाणा वाटायचा. इतरांचे बाप ओव्हरटेकच्या गोष्टी सांगत आणि आमचे बाप कोणी पडलं नाही ही बातमी देत.

"तुम्ही चालवून पाहता का?" मी किल्ली पुढे केली.

"ब्रेक ठीक कर पयले. मंग मी चालवतो. उमरेडपर्यंत नेतो तुले."

आज करू, उद्या करू करत मी वर्ष घालवलं. इंटरनेटवर ब्रेकच्या मोठाल्या लाल कॅलिपरचे फोटो पाहत बसायचो, किंमत वाचली की पान बंद करायचो. मग एका सकाळी दाढी करताना बाबांच्या हातातून रेझर पडला. ते उचलायला वाकले आणि तसेच बसले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, असं तिन्ही एकदम गेलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर हात थोडा आला. बोलणंही आलं, पण एकेक शब्द, मधे मोठं अंतर ठेवून. पाय आला नाही. मांडी थोडी हलायची, पण गुडघ्याखालचा पाय नुसता लोंबायचा. भेटायला येणारा प्रत्येक जण कोणत्या तेलाने मालिश करावी हे सांगून जाई. मी चहा देई आणि मनातल्या मनात शिव्या घाली. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात करण्यासारखं काहीच नाही म्हटल्यावर तो घरभर फिरायला लागला. एकदा तर मी आईवर ओरडलो, कारण तिने बाबांचा उजवा बूट डावीकडे ठेवला होता.

मग मी गाडीचे ब्रेक करायला घेतले. त्यामागे काही शहाणपण नव्हतं. घरात दुरुस्त होण्यासारखी तेवढी एकच गोष्ट उरली होती, एवढंच.

दिघोरीकडे एक मेकॅनिक होता. बारीक अंगाचा, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. मी त्याला मोबाइलवर लाल कॅलिपर दाखवले.

"भाऊ, तुमाले फोटो काढाचा हाय का गाडी थांबवाची हाय?"

"थांबवायची आहे."

"मंग हे सोडा. एवढ्या पैशात अर्धी गाडी येते." त्याने माझं जुनं ब्रेक ऑइल बाटलीत काढून उन्हात धरलं. टपरीवरच्या काळ्या चहाच्या रंगाचं होतं. "हे पाहा. पेडल मऊ काहून होते तर याच्यानं. ऑइल चांगलं टाकू, समोर चांगले पॅड टाकू, डिस्क साध्याच पण नव्या. भोकंवाल्या नाही पायजे. रबरी पाइप फुगतात, तिथं स्टीलच्या जाळीवाले लावू. मांगचं काहीच नाही करत. अन् उरले पैसे तर टायर घ्या. ब्रेक चाकाले थांबवते, गाडीले टायर थांबवते."

इतक्या स्वस्तात आणि इतक्या स्पष्ट शब्दांत कोणी मला बाबांच्या पायाबद्दल काही सांगितलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

काम दोन दिवस चाललं, टायरही नवे घातले. शेवटी पाइपातली हवा काढायची होती, तेव्हा त्याने मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः चाकाशी आडवा झाला. खालून आवाज यायचा, "दाबा... धरून ठेवा... सोडा." मी दाबत होतो, धरत होतो, सोडत होतो. हळूहळू पेडल पायाखाली टणक होत गेलं. मला विलक्षण बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीवाली मॅडम आली आणि बाबांच्या तळव्याला हात लावून म्हणाली, "काका, दाबा... धरून ठेवा... सोडा." बाबांच्या कपाळावर घाम आला. तिच्या हातावरचा पाय जसा होता तसाच राहिला. मी दुसऱ्या खोलीत निघून गेलो.

मेकॅनिकने एक पथ्य सांगितलं होतं. नवे पॅड लगेच पकडत नाहीत, ते डिस्कवर बसवावे लागतात. रिकामा रस्ता पाहून गाडी साठवर न्यायची, जोरात दाबून दहावर आणायची, पण पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा साठ, पुन्हा दहा. असं दहा-बारा वेळा. मी सकाळी सहाला उमरेड रोडवर जायचं ठरवलं, तेव्हा आई म्हणाली, "यायलेबी घेऊन जा नं बापू. चार महिन्यांपासून खिडकीच पाहून राहिले."

बाबांना उचलून सीटवर बसवलं, पट्टा लावला. उजव्या पायात टाच धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा साचा आणि त्यावर एक नंबर मोठा बूट होता. पाचगावच्या पुढे रस्ता मोकळा झाला. कोळशाचे ट्रक सगळे समोरून नागपूरकडे येणारे, आमच्या बाजूला कोणी नव्हतं. मी साठवर नेली आणि दाबला. गाडीने नाक टेकवलं, आम्ही दोघं पट्ट्यात लटकलो. ब्रेक खरंच छान झाले होते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. जळका वास यायला लागला, तो यायलाच हवा होता.

चौथ्या वेळी माझं लक्ष खाली गेलं. मी ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी बाबांचा उजवा पाय चटईवरून पुढे गेला आणि समोरच्या चढत्या भागाला टेकला. त्यांच्या बाजूला पेडल असतं, तर बरोबर त्यावर.

"बाबा! तुम्ही ब्रेक दाबला!"

बाबांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाचव्यांदा केलं, पाय पुन्हा गेला. सहाव्यांदाही. मी रस्त्यावर एकटाच हसत होतो. तीस वर्षं ज्या पायाने ब्रेक दाबला, तो पाय घरात विसरला असेल, पण गाडीत नाही विसरला, असं मी मोठमोठ्याने सांगत होतो. बाबा समोर काचेतून पाहत होते.

घरी येऊन सांगितलं तर आई खुर्चीवर बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. मग उठून गोळाभात केला. उमरेडच्या मावशीला फोन केला, कुहीच्या आत्याला केला. मॅडमला मी विचारलं. तिने पाय नीट तपासला, पोटरीवर बोटं ठेवून बाबांना दाबायला लावलं, आणि जपून म्हणाली, "माझ्या बोटांना आत्ता तरी काही हालचाल लागत नाहीये. पण सवयीची हालचाल कधी कधी आधी येते. गाडीत होत असेल तर चांगलंच आहे."

एवढं मला पुरलं. त्यानंतर तीन आठवडे मी रोज सकाळी बाबांना घेऊन उमरेड रोडवर गेलो. पॅड केव्हाच बसले होते, आता मी पाय बसवत होतो. समोर काहीही नसताना साठवरून दाबायचो. एकदा मागून आलेल्या जीपवाल्याने शेजारी येऊन काच खाली केली आणि माझ्या डोक्यात काय भरलं आहे ते विचारलं. बाबांना झटके सोसत नव्हते, मान दुखायची, ते डोळे मिटून घ्यायचे. ते जोर लावत आहेत असं मी समजायचो. पाय दर वेळी पुढे जायचा. काही दिवशी तर आदल्या दिवसापेक्षा जास्त जातो असंही मला दिसायचं. आई रोज दारातच विचारायची, "आज?" आणि मी आकडा सांगायचो, आठ वेळा, दहा वेळा.

एका रविवारी बाबांना कणकण होती म्हणून नेलं नाही. उजव्या बुटाचा पट्टा उसवला होता. तो शिवून आणायला मी निघालो आणि बूट बाबांच्या जागी, खाली चटईवर ठेवला. नंदनवनच्या चौकात एक स्कूटरवाली अचानक आडवी आली. मी ब्रेक दाबला.

बूट पुढे गेला. चटईवरून सरकत गेला, समोरच्या चढत्या भागाला टेकला आणि तिथेच थांबला. नेमका तिथे, जिथे रोज थांबायचा.

मी गाडी बाजूला घेतली. बूट उचलून पुन्हा बाबांच्या सीटपाशी ठेवला. रिंग रोडला रिकामी जागा पाहून साठवर नेली, दाबला. बूट पुन्हा गेला. आणखी एकदा केलं. तिन्ही वेळा त्यात कोणाचा पाय नव्हता.

मला रडू आलं नाही, संताप आला. स्टीलच्या पाइपांचा, टायरांचा, त्या खर्रावाल्याचा. जुने ब्रेक राहिले असते तर गाडी इतकी झटक्यात थांबली नसती, पाय जागचा हलला नसता आणि आम्ही सुखी असतो. मग संताप फिरून माझ्यावर आला. बारावीला मला फिजिक्स होतं. आणि तेही सोडा, मी अशा माणसाचा मुलगा होतो जो रोज संध्याकाळी घरी येऊन हीच एक गोष्ट सांगायचा.

बूट शिवून आणला. आईने विचारलं, "झाला?" मी म्हटलं, झाला.

सोमवारी नेऊ नये असं मनात होतं. पेट्रोल नाही म्हणावं, ऑफिसला लवकर जायचंय म्हणावं. सहाला उठलो तर बाबा फाटकाजवळच्या खुर्चीवर बसले होते. शिवलेला बूट पायात, केस विंचरलेले. आईने तयार केलं होतं. ती हसत होती.

मी अगदी हळू चालवली. पाचगाव गेलं, मोकळा रस्ता गेला, मी एकदाही ब्रेक दाबला नाही. नुसता एक्सिलरेटर सोडत, गिअर पाडत राहिलो, बाबा चालवायचे तसं. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "ब्रेक?"

"पॅड घासले वाटते. दाखवायला पाहिजेत."

त्यांनी मान तिरकी करून चाकांचा आवाज ऐकला. पॅड घासले की कसा आवाज येतो हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "मानूस... पुढं... जातेच."

मी गाडी कडेला थांबवली, हळूच.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"केव्हापासून?"

त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं. पहिल्याच दिवसापासून.

"मग बोलले काहून नाही बाबा?"

त्यांचे ओठ हलले, शब्द आला नाही. पुन्हा हलले. शेवटी त्यांनी तो नाद सोडला आणि डाव्या हाताने माझा गुडघा धरला. "मायले... सांगू नको... तुह्या."

कोळशाचा ट्रक गेला की गाडी हलायची. मला त्यांना सांगायचं होतं की मी वर्षभर ब्रेक केले नाहीत, केले असते तर तुम्ही मला उमरेडला नेलं असतं. पण ते सांगून आता कोणाचं काय होणार होतं? मी कुही फाट्यावरून गाडी परत वळवली.

नागपूरकडे येताना तोच मोकळा तुकडा लागला. रस्त्यावर कोणी नव्हतं. बाबा म्हणाले, "लाव."

"काय?"

"ब्रेक. जोरात."

एकाही प्रवाशाला दांडा पकडावा लागू नये म्हणून जो माणूस तीस वर्षं जपून ब्रेक लावत आला, तो हे म्हणत होता. मी साठवर नेली आणि जेवढा दाबता येतो तेवढा दाबला. या वेळी मी खाली पाहिलं नाही, रस्त्याकडेच पाहत राहिलो. बाबा मात्र मान वाकवून आपल्या पायाकडे पाहत होते.