हेलियमच्या नळीचा जोड

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बोलणार तरी कुणाला? मुलुंडच्या घरात मी एकटा, आणि पवईच्या आमच्या लॅबमध्ये आता जी मुलं आहेत त्यांनी लवीनाचं नावही ऐकलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून सांगतोय.

लवीना कांदिवलीच्या गावठाणातली. आम्ही दोघं एकाच यंत्रावर पीएचडी करत होतो. मॅग्नेशियमची वाफ करायची, हेलियमच्या झोतात ती गारठवायची, की दोन-दोन अणू कसेबसे एकमेकांना धरतात. इतकी कच्ची जोडी, की जराशा उष्णतेनं सुटते. तिच्यावर लेसर टाकायचा आणि तिच्यातून येणारा उजेड मोजायचा. खिडकी नसलेल्या त्या खोलीत दिवसचे दिवस आम्ही दोघंच. तिच्या आईनं तळून दिलेल्या मैद्याच्या फुग्यांतले अर्धे ती न विचारता माझ्यासमोर ठेवायची. मला दुसरं कुणी नव्हतं. हे तिला कळलं होतं का? मी कधी बोललो नाही.

मग एकदा तिच्या आलेखावर नव्या रेषा दिसल्या, आधी कुणीच न नोंदवलेल्या. सर खूश. जर्मनीतल्या एक प्राध्यापक बाई पवईतल्या परिषदेला येणार होत्या. लवीनाचं भाषण ऐकून तिला पुढच्या कामासाठी तिकडे न्यायचं की नाही, ते ठरवणार होत्या. त्याआधी रेषा पुन्हा येतात का, हे दुसऱ्या कुणीतरी बघायला हवं होतं. तिनं मला सांगितलं. तिची आई आजारी होती, म्हणून ती स्वतः घरी थांबली.

मला हेलियमच्या नळीचा एक जोड ढिला सापडला. त्यातून ओलसर हवा आत शिरत होती. मी तो आवळला, नळी साफ केली, मोजमाप घेतलं — आणि रेषा गेल्या. त्या जोडीच्या नव्हत्याच. हवेतल्या पाण्याशी मिळून मॅग्नेशियमचं जे बनतं, त्याच्या होत्या.

ती आली, दारातच विचारलं, "खरं आहे ना रे? नीट सांग."

"झकास आहे," मी म्हणालो. "तुझ्यासारख्याच आल्या."

परिषदेत बाईंनी शांतपणे विचारलं, नळी गळत नव्हती याची खात्री काय? लवीना म्हणाली, माझ्या सहकाऱ्यानं वेगळं तपासलंय. आणि भरल्या सभागृहात तिनं माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी बाई लॅबमध्ये आल्या, नळीत हेलियम दाबानं भरून जोडावर साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडे आले. जर्मनीचं तिथेच संपलं.

मला वाटलं होतं, आता ती इथेच राहील. हो — तेवढ्यासाठी केलं सगळं. ती पीएचडीच सोडून गेली. घाटकोपरच्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवते. जाताना म्हणाली, "तुझंही चुकलं असेल, यार. पण तू एकटा माझ्या बाजूनं होतास."

तुम्ही म्हणाल, गप्प बसला, भित्रा होता. मीही स्वतःला इतकी वर्षं एवढंच सांगत आलो. पण आवळलेला जोड पुन्हा गळेल कसा? रेषा गेल्यावर मी मग पाना घेतला आणि जोडाचा नट परत ढिला केला. जितका होता, अगदी तितकाच. ती परतल्यावर तिच्या रेषा तिला दिसायला हव्या होत्या ना. वाईट वाटलं वगैरे काही नाही. उलट बरं वाटलं.

नाताळात तिचा अजून फोन येतो. विचारते, एकटाच जेवतोस का रे अजून? मी हो म्हणतो. बाकीचं सांगत नाही.