दोर धरणारा मेहुणा

कारखान्यात त्याला नावाने कुणीच हाक मारत नसे. भट्टीवरच्या दाजींच्या बायकोचा तो धाकटा भाऊ, म्हणून तो मेहुणा. आणि तो त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून ते साऱ्या कारखान्याचे दाजी. फाटकावरचा पहारेकरी त्यांना दाजी म्हणे, मोठे साहेबही दाजीच म्हणत. ज्या दोघांमुळे ही नाती साऱ्या कारखान्याला लागली होती, त्या दोघांचं मात्र एकमेकांशी बोलणं बंद होतं. तेही आजकालचं नव्हे, मेहुण्याची ताई गेल्यापासूनचं.

भट्टी म्हटली की कोळसा, धूर आणि घामाने निथळणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. ही भट्टी तशी नव्हती. एका बाजूने पोलादाची पट्टी गुंडाळीवरून सुटून आत शिरायची, कागदासारखी पातळ, चार बोटं रुंद. लांबलचक बंद पेटीतून सरकत ती दुसऱ्या बाजूने बाहेर यायची. पेटीत वर-खाली काचेच्या नळ्यांसारखे इन्फ्रारेड दिवे होते. बटण दाबायचा अवकाश, पट्टी लालबुंद. आत हवा नसे, नायट्रोजन भरलेला असे. तापलेल्या पोलादाला हवा लागली की ते आधी पिवळट पडतं, मग निळं, आणि सगळा माल वाया जातो. हवा लागू दिली नाही तर पट्टी आत गेली तशीच चकचकीत, फक्त मऊ होऊन बाहेर येते. दिव्यांचा थाट तर विचारू नका. उघड्या बोटाने त्यांना शिवायची सोय नव्हती. बोटाचा घाम काचेला लागला तर तापल्यावर तिथेच डाग धरून दिवा तडकायचा. पांढरे सुती हातमोजे घालून, तान्हं मूल उचलावं तसे ते उचलावे लागत.

पट्टी कधीकधी मध्येच तुटे. मग दिवे बंद, नायट्रोजन बंद, पंखा लावून पेटीतून वारा खेळवायचा, आणि पेटी निवली की बाजूची झडप उघडून एकाने कमरेपर्यंत आत वाकायचं आणि तुटलेलं टोक ओढून काढायचं. खरी धास्ती इथेच. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, त्याने ठसकाही लागत नाही. आत थोडा उरला असला तर माणसाला गुदमरल्यासारखं होत नाही. उलट दारू चढल्यासारखं हलकं वाटतं, जीभ सैल सुटते, आणि मग बोलता बोलता माणूस खलास. म्हणून भट्टीवरच्या लोकांनी आपला एक नियम केला होता. आत वाकणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, दोराचं टोक बाहेरच्याच्या मुठीत, आणि आतल्याने अखंड बोलत राहायचं. काहीही बोला, पण बोला. बोलणं अडखळलं किंवा वेडंवाकडं झालं की बाहेरच्याने विचार न करता ओढायचं. हवा तपासायचं यंत्र होतं, ते झडपेशी धरून बघतही. पण खरा भरवसा सगळ्यांचा जिभेवर.

आता ज्यांनी एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही, त्यांनी हा नियम पाळावा कसा? दोघांनी आपापली तोड काढली. दाजी आत वाकले की पाढे म्हणत. साधेसुधे नव्हेत, एकोणतीसचा. आणि मेहुणा आत असला की दिव्यांशी बोले. "काय, बरे आहात ना सगळे? तुमचं बरं आहे. तुम्हाला मन नाही. काही माणसांनाही नसतं म्हणा." बाहेर दाजी दोर धरून उभे. ते सगळं ऐकून घेत आणि दोर जराही ढिला पडू देत नसत. बाकीचे कामगार हसून घेत. दोन शहाणी माणसं अशी वागतात हे मलाही हसण्यासारखंच वाटतं, पण ते हसू फार वेळ टिकत नाही.

एकदा सुपरवायझरने दोघांना वेगवेगळ्या पाळ्यांना लावायचं काढलं. त्याला वाटलं आपण उपकार करतोय. दाजी त्याच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "दोर दुसऱ्याच्या हातात नको." दुपारी मेहुणा गेला. तोही अगदी तेच म्हणाला. सुपरवायझरने कपाळाला हात लावला आणि जोडी तशीच ठेवली.

मेहुण्याची आई तो रांगता असतानाच गेली होती. ताईनेच त्याला वाढवलं. नखं कापताना ती त्याचा हात आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरायची, कारण तो चुळबुळ फार करायचा. शाळेच्या वाटेवर मागून त्याची कॉलर धरून चालायची, म्हणजे तो रस्त्यावर धावणार नाही. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, मी येईन ती याला घेऊन. दाजींनी एका शब्दाने का-कू केलं नाही. बाहेरच्या खोलीत त्याची घडीची खाट लागली. मिशी फुटली तेव्हा दाढी कशी करायची ते दाजींनी शिकवलं, आणि पुढे भट्टीवर चिकटवलं तेही दाजींनीच. सांगायचं काय, तर या माणसाचा राग करणं मेहुण्याला सोपं नव्हतं. तरी त्याने तो केला आणि जिवापाड जपला.

कंपनीने त्याला दूरच्या गावी नवी भट्टी उभारायला पाठवलं होतं. तो तिथे असतानाच ताईचं पोटाचं दुखणं निघालं. त्याला कुणी सांगितलं नाही. तो फोन करायचा तेव्हा ती हसून बोलायची, आवाज बारीक झालाय म्हटलं तर म्हणायची, "जरा सर्दी झालीय रे. तू जेवतोस ना नीट?" मग एक दिवस फोनवर दाजी आले. ताई गेली, एवढंच म्हणाले. तो धावत-पळत पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिची खाट भिंतीला टेकवून उभी केलेली होती. त्याने विचारलं, "मला का नाही कळवलं?" दाजी भिंतीकडे बघत म्हणाले, "राहून गेलं."

राहून गेलं. दूध आणायचं राहून जातं, नळ बंद करायचा राहून जातो. त्याच दिवशी त्याने आपली घडीची खाट उचलली आणि दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. त्यानंतर दाजींशी तो एक शब्द बोलला नाही.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी दुपारी पट्टी तुटली. सगळं रीतीप्रमाणे झालं. दिवे बंद केले, नायट्रोजनचा कॉक पिळून बंद केला, पंखा लावला. यंत्र झडपेशी धरलं, आकडा ठीक होता. कॉक आतून झिजला होता आणि पेटीच्या पार दुसऱ्या टोकाला वायू झिरपतच होता, हे नंतर कळलं. पाळी दाजींची होती. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, दोर बांधला, गाठ ओढून बघितली आणि आत वाकले. मेहुण्याने दोराचा एक वेढा मनगटाला घेतला.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." पत्र्याच्या पेटीत आवाज घुमत होता. टोक लांब गेलं असावं, दाजी आणखी आत सरकले. "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक..."

पाढा थांबला. आतून हसल्याचा आवाज आला, अगदी हलका, मोकळा. कित्येक वर्षांत मेहुण्याने दाजींना असं हसताना ऐकलं नव्हतं.

"ती म्हणाली होती," दाजी आतून म्हणाले, "त्याला बोलावू नका. मला शपथच घातली. मी म्हटलं, अगं, तो मला माफ करेल का? तर म्हणाली..."

पाढा चुकला होता. माणूस हसत होता, भलतंच बोलत होता. याहून उघड खूण नसते. हात आपसूक ओढायला हवा होता, आणि मेहुण्याचा हात असल्या बाबतीत कधी चुकलेला नव्हता. पण हात हलला नाही. ओढलं तर वाक्य तुटणार होतं. इतकी वर्षं ज्यासाठी तो आतून जळत होता ते पुढच्या चार शब्दांत होतं, आणि शुद्धीवरच्या दाजींच्या तोंडून ते कधी येणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. तो कान देऊन उभा राहिला. एक श्वास, फार तर दोन.

आतून काहीच आलं नाही.

मग त्याने ओढलं. पाय पेटीला लावून, सगळं अंग मागे टाकून ओढलं. दाजी झडपेच्या कडेला खरचटत बाहेर आले आणि त्याच्या अंगावर पडले. चेहरा राखेसारखा, ओठ निळे. त्याने त्यांना उघड्या दारापाशी ओढत नेलं, गालावर चापट्या मारल्या, "दाजी, दाजी" म्हणत राहिला. पॅकिंगवरची माणसं धावली. कुणीतरी प्राणवायूची नळी आणून तोंडाला लावली. बऱ्याच वेळाने दाजींच्या छातीतून घरघर आली आणि त्यांनी डोळे उघडले.

पुढचा तासभर मेहुण्याला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. सुपरवायझर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू होतास म्हणून वाचले." पॅकिंगवरच्या बाईंनी त्याला बळेबळे पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "भाऊ असावा तर असा." त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मी थांबलो, मला कळत होतं आणि मी थांबलो. पण तो मान डोलवून पाणी पीत राहिला. मेहुण्याला स्वतःची एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कारखान्याच्या दवाखान्यात एकच खाट होती. डॉक्टर तपासून गेले, संध्याकाळपर्यंत पडून राहू द्या म्हणाले. नर्सने मेहुण्याला स्टूल दिलं आणि ती बाहेर जाऊन बसली. दाजी छताकडे बघत होते. दंडावर खरचटल्याच्या जागी औषध लावलेलं होतं.

"कितीपर्यंत आलो होतो?" त्यांनी विचारलं. आवाज बसला होता.

"सत्त्याऐंशी," मेहुणा म्हणाला.

"मग?"

आता खोटं बोलायला हरकत नव्हती. मग तुम्ही थांबलात आणि मी ओढलं, एवढं म्हटलं असतं तर साऱ्या कारखान्याने मानलं ते दाजींनीही मानलं असतं. मेहुण्याने दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

"मग तुम्ही ताईचं बोलायला लागलात. मला बोलावू नका असं ती म्हणाली होती म्हणून. का, ते तुम्ही सांगणार होतात. मला कळलं होतं की तुम्हाला चढलंय. ओढायला पाहिजे होतं. मी नाही ओढलं, दाजी. मला पुढचं ऐकायचं होतं. तुमचा आवाज बंद झाला तेव्हा ओढलं."

दाजींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. कुणीतरी फार दिवसांनी घरी यावं आणि आपण त्याचं तोंड निरखावं, तसं ते बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "फार दुखत होतं तिला. शेवटी शेवटी बघवत नव्हतं. म्हणाली, त्याला बोलावू नका. तो समोर येऊन रडायला लागला तर माझा जीव त्याच्यात अडकेल. मला सुटता यायचं नाही."

मेहुण्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. ताई गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता, त्या दिवशी रागाने त्याला रडू दिलं नव्हतं. दाजींनी त्याला गप्प केलं नाही. खिडकीबाहेर नायट्रोजनच्या टाक्या होत्या, त्यांच्यावर गारठ्याने पांढरा बर्फ धरला होता.

"एवढंच होतं तर सांगायचं मला," मेहुणा शेवटी म्हणाला. "राहून गेलं म्हणालात. इतकी वर्षं मी तुम्हाला काय काय म्हटलं मनात. शपथ ती असेपर्यंतची होती. ती गेल्यावर सांगायला कुणी अडवलं होतं?"

दाजी पुन्हा छताकडे बघायला लागले. या वेळी त्यांना काही चढलेलं नव्हतं.

"मी तिच्या उशाशीच बसलेलो होतो रे," ते म्हणाले. "दिवस-रात्र. तिचा जीव माझ्यात नाही अडकला."