गच्चीवरचा निळा ड्रम

हे मी खरं करून अजून कोणालाच सांगितलेलं नाही. खोटं करून मात्र एकदा सांगितलंय — ते शेवटी येईलच.

मी पडलो गप्पिष्ट माणूस. जळगाव जामोदच्या बाजारात मी वांग्याची गोष्ट काढली, तर वांगं भोपळ्याएवढं झाल्याशिवाय थांबत नाही, आणि ऐकणाऱ्यांची एसटी हुकते. पण आजचा डास डासाएवढाच आहे.

आमच्याकडे नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो, म्हणून घरातलं भांडं न् भांडं भरलेलं. गच्चीवर माझा एक निळा ड्रम होता. गावात डेंग्यूचा ताप सुरू झाला, आणि एका दुपारी मला त्या ड्रमात वळवळ दिसली. ओतून द्यायला हवा, हे मला ठाऊक नव्हतं का? भोंग्याची रिक्षा दिवसातून दोनदा तेच सांगून जात होती. पण — तुम्ही कधी नीट पाहिलंय ते? अळी पाण्याला उलटी लटकते आणि शेपटाकडून श्वास घेते. वर नुसता हात धरा, सावली पडली की सगळ्या एकदम बुडी मारतात. मी लोणच्याची बरणी भरून खिडकीत ठेवली, तोंडाला फडकं बांधलं. काही दिवसांत अळ्या स्वल्पविरामासारख्या वाकड्या झाल्या. मग एका सकाळी एकीची पाठ उलली, आतून डास निघाला आणि आपल्याच टरफलावर उभा राहिला. पायांवर पांढरे पट्टे. साठी ओलांडलेला मी, चहा विसरून बघत बसलो.

आणि मग — कोणत्या बाजूला जातो ते पाहावं, म्हणून फडकं सोडलं. ती खिडकी शेजारच्या कमलवहिनींच्या अंगणात उघडते.

ड्रमही तसाच ठेवला. बरणीतल्या संपल्या तर?

त्याच आठवड्यात आशाताई आल्या. घरोघर भांडी तपासायची आणि अळ्या असलेली किती भांडी निघाली ते दारावर खडूने लिहायचं, हे त्यांचं काम.

"काका, गच्चीवर पाणी-गिणी हाय का?"

"कबुतरं हायेत. मोजता काय?"

त्या हसल्या. दिवसभर चालून गुडघे धरले होते त्यांचे, जिना चढल्या नाहीत. माझ्या दारावर शून्य.

कमलवहिनींनी मात्र त्यांना स्वतः न्हाणीतल्या रांजणापाशी नेलं. "पाह्य वं बाई, मले नीट दिसत नाही." दोन अळ्या निघाल्या. वहिनींच्या दारावर एक. रांजण भर गल्लीत उपडा झाला, सगळ्यांच्या देखत.

पुढच्या आठवड्यात ताप आला तो वहिनींनाच. बुलढाण्याला भरती केलं, प्लेटलेट घसरत गेल्या, दोन दिवस घरचे दवाखान्यातच बसून. गल्ली म्हणाली, तिच्याच रांजणातला डास तिला चावला. मी तिथेच बसलो होतो. मी नुसती मान हलवली — नाही, मान नाही. मी म्हणालो, "म्या सांगतलं होतं त्याईले, रांजण झाकत जा." कधीच सांगितलं नव्हतं. मग घरी येऊन ड्रम उपडा केला, बरणी घासून ठेवली.

चावला तो माझाच होता का? माहीत नाही. पट्टे सगळ्यांचे सारखेच.

वहिनी परत आल्या. वाळलेल्या, केस गळालेले. ओट्यावर बसल्या, तर बायका जरा लांबूनच विचारपूस करू लागल्या. आज सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं — आणि बाहेर काय पडलं? माझ्या ड्रमात काकडीएवढ्या अळ्या होत्या, त्यांचे डास उडाले तेव्हा गच्चीवरची कबुतरं थेट सातपुड्यात पळाली. सगळे हसले. वहिनीही हसल्या. मग पदराने डोळे पुसत हळूच म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. माह्यावरचा बोल झाकाले काऊन एवढं खोटं बोलता?"

मी म्हणालो, "बरं, वहिनी."