मांडीतला घाव

बेबीनंदा गायकवाड अंबडजवळच्या एका खेड्यातली आशाताई. गरोदर बायांना दवाखान्यात न्यायचं, लेकरांना डोस पाजायचे, हे ती बारा वर्षं करत आली होती. वाहतं रक्त कसं थांबवायचं तेही प्रशिक्षणात शिकली होती. पण माणसाचं रक्त असं उसळताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी ती शेतातल्या वाटेनं निघाली, तर कडूबा आणि अंगद हे सख्खे भाऊ बांध कोरल्यावरून भिडलेले. कडूबानं काठी अंगदच्या तोंडावर हाणली. दोन दात सोयाबीनच्या धसकटात पडले. अंगदनं कुऱ्हाड उचलली. पहिला घाव हुकला. दुसरा कडूबाच्या मांडीत रुतला.

लालभडक रक्त ठोक्याठोक्यानं उडायला लागलं. कडूबाची बायको नंदाबाई किंचाळत धावली. अंगदनं पुन्हा कुऱ्हाड उगारली.

"टाक ती!" बेबीनंदा मधे घुसली. "न्हाई तर आधी मला तोड. खाली बस अन् हितं दाब!"

अंगदनं कुऱ्हाड टाकली. तिनं नंदाबाईच्या डोक्याचा रुमाल घावात कोंबला, अंगदचे दोन्ही हात त्यावर दाबले. "हात उचलू नको. मेला तर तुझ्या हातानं मेला."

"नंदाबाई, एकशेआठला फोन लाव, जल्दी!"

रुमाल भिजून गेला तरी रक्त थांबेना. तिनं लुगड्याची पट्टी फाडली, घावाच्या वर बांधली, तीत काठीचा तुकडा घालून पिळला. कडूबा गुरासारखा ओरडला, चांगल्या पायानं तिच्या पोटात लाथ घातली. ती आणखी पिळत गेली. रक्त थांबलं. पट्टी कधी आवळली ते डॉक्टरांना कळावं म्हणून पेनानं तिनं त्याच्या कपाळावर वेळ लिहिली: नऊ चाळीस.

त्याचे ओठ पांढरे पडले, अंगाला गार घाम सुटला. "पाणी..."

नंदाबाईनं तांब्या आणला. बेबीनंदानं तो हिसकावून घेतला. "पाणी बिलकुल न्हाई, आपरेशन करतील. गोधडी आण, गार पडून राह्यला त्यो."

गाडी अर्ध्या तासानं आली, तोवर अंगदनं हात काढले नव्हते. त्याच हातांना गाडीमागून आलेल्या पोलिसांनी बेड्या घातल्या.

कडूबा जगला, पाय वाचला; लंगडतो. पुढं खटला उभा राहिला, तेव्हा दोन्ही घरचे बेबीनंदाच्या दारी आले. "विळ्यावर पडला म्हणा, ताई. घरातलं भांडण हाय."

कोर्टात तिनं कडूबाची काठीही सांगितली, अंगदची कुऱ्हाडही सांगितली. तेव्हापासून नंदाबाई तिला पाहून वाट बदलते. गेल्या महिन्यात मात्र तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा फोन बेबीनंदालाच आला. ती गेली.