खेळण्यांचा एकच संच

नव्या प्लॅस्टिकचा वास आला की मला सोलापुरातली ती अंगणवाडी आठवते. मूल खेळण्यातूनच घडतं, असं ठणकावून सांगणारं पत्रक मीच लिहिलं होतं आणि त्यावर छापायला फोटो हवे होते. आमच्या संस्थेकडे प्लॅस्टिकच्या खेळण्यांचा नवा संच एकच, म्हणून तो आम्ही अंगणवाड्यांतून फिरवत होतो. पत्र्याखाली खोली भट्टीसारखी तापलेली, दारातून विड्यांच्या तंबाखूचा उग्र दर्प येत होता. दोन वर्षांच्या एका पोराची डावी मूठ कायम मिटलेली असते, असं सेविकेनं सांगितलं. त्याच्यापुढे संचातल्या रंगीत कड्या ठेवल्या, तशी बराच वेळ बघून त्यानं मूठ उघडली आणि लाल कडी धरली. विड्या वळायचं सोडून आलेली त्याची आई ओरडलीच, "अगं बया, उघडली की!" फोटो झाला आणि मी संच आवरायला लागले. "ऱ्हाऊ द्या की म्याडम, आज पयल्यांदाच धरलंय त्यानं कायतरी," आई म्हणाली. "पुढच्या अंगणवाडीत फोटो राहिलेत, ताई," असं म्हणून मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. तो रडलासुद्धा नाही, फक्त मूठ पुन्हा मिटली. आज अंगणवाड्यांना खेळणी का मिळत नाहीत, असा जाब मी अधिकाऱ्यांना तोंडावर विचारते, पण त्या बाईच्या दारात जायची हिंमत मला अजून झालेली नाही.