मोठी पेटी मागं सरकवणारे अण्णा

मुरुमच्या बाजारात भगवानराव अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं मी पहिल्यांदा गेलो तो भांडायला. नुकताच दुरुस्त केलेला रेडिओ पुन्हा खरखरत होता. अण्णांनी माझी सगळी बडबड ऐकून घेतली, चहा मागवला आणि म्हणाले, "रेडिओ चांगला हाय, पाव्हणं. तुमच्या घरची तार सैल हाय." घरी येऊन ती त्यांनी स्वतः कसली. पुढं मी त्यांच्या लाउडस्पीकरच्या धंद्यात भागीदार झालो. अण्णांच्या पंच्याहत्तरीनिमित्त इतर मंडळी त्यांच्या दातृत्वाविषयी लिहितीलच. मला एका दुपारविषयी लिहायचं आहे.

दुष्काळाची वर्षं होती. आमच्या गावच्या दूध सहकारी संस्थेची सभा होती आणि त्याच मैदानात पाण्याचा टँकर आला होता. माझी पत्नी शांता हंडा घेऊन रांगेत उभी होती. शब्द ऐकवणाऱ्या स्पीकरच्या छोट्या पेट्या आम्ही स्टेजवर लावल्या होत्या. घुमणाऱ्या आवाजाची मोठी पेटी मात्र संचालकांनी शोभेसाठी पार पुढं, लोकांजवळ ठेवायला लावली. अण्णा ती ढकलत मागं, स्टेजकडं आणू लागले. थोडी सरकवायची, मला मैदानाच्या टोकाला उभं करून स्वतः माइकवर बोलायचं, "आलं का नीट?" विचारायचं, पुन्हा सरकवायची.

मी वैतागलो. "अण्णा, लोकांचा जीव पाण्यासाठी टांगणीला लागलाय अन् तुमचं हे काय चाललंय?"

"घुमारा आधी पोचतो अन् मागनं येणारा शब्द गिळतो," अण्णा म्हणाले. "त्याला जरा उशीर करायला पायजे. दोन्ही संगट पोचले तरच माणसाला कळतंय."

शेवटी पेटी मनासारखी बसली. मी स्टेजवर परतलो आणि तेवढ्यात वावटळ उठली. खांबावरची विजेची तार तुटून टँकरखालच्या चिखलात पडली. एक शेळी जागीच तडफडून गेली. मागच्या लोकांना यातलं काहीच दिसलं नाही. रांग पुढं सरकतेय असं वाटून ते रेटू लागले. शांता अनवाणी होती आणि रेट्याबरोबर चिखलाकडं ढकलली जात होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, पण त्या गलक्यात माझा आवाज तिच्यापर्यंत पोचेना. देवा, इतकं भय मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आमचा संच बॅटरीवर चालत असे. अण्णांनी माइक हातात घेतला. "चिखलात तार पडलीय. पाय घालू नका. मागच्यांनी रेटू नका, मागं सरा. शांतावहिनी, हंडा टाका, मागं व्हा!"

शब्द न् शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचला. रेटा थांबला. हंडा खाली पडला आणि शांता मागं सरली. वीज बंद झाल्यावर अण्णांनी माइक खाली ठेवला. "लई भ्यालो बघा," एवढंच म्हणाले.

ते भय माझ्या अंगातून अजून गेलेलं नाही. आजही घरातले दिवे गेले की मी आधी शांताला हाक मारतो. आतून तिची 'ओ' आली की अंधारातच हात जोडतो आणि अण्णांना निरोगी शंभर वर्षं मागतो.